झाकली मूठ

रुवीत, पेट्रोलपंपामागच्या दवाखान्यात,
लिन्सी सिस्टर रक्ताच्या नळ्यांवर
पेनानं नावं लिहायची.
फ्रिजच्या दमटपणानं शाई पसरायची,
आणि सालिम नि सलीम
एकाच रॅकमध्ये, शेजारी शेजारी.

लेबलं छापायचं यंत्र होतं की टेबलावर.
नवं कोरं, वरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेला.
पण मालकाला खर्च वाचवायचा होता,
सगळे संगणक लिनक्सवर गेले
(नेले मीच, पटवलंही मीच)
आणि यंत्राची वाचा बसली.

ड्रायव्हर आहे. कंपनीच्या साइटवर, एकच फाइल,
पाच वर्षांपूर्वी कुणीतरी बांधून ठेवलेली.
आतलं काही दिसत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.
उघडायची नाही,
आणि न उघडता पुढच्याच्या हातात द्यायची, तर तेही नाही.

रात्री हमरियातल्या खोलीत,
खालच्या बंकवर दस्तगीर घोरत असताना,
मांडीवरच्या उजेडात चौदा कलमं वाचली.
नवव्यात होतं: अहस्तांतरणीय.
हा शब्द आधी कुठं भेटलाय?
खिशातून रेसिडेंट कार्ड काढलं,
पाहिलं,
परत ठेवलं.

कंपनीला तीन पत्रं लिहिली.
पहिल्याला यंत्रानंच उत्तर दिलं.
दुसऱ्याला एका विक्रेत्यानं: किती नग हवेत?
तिसऱ्याला कायदा विभागानं, फार अदबीनं,
आपल्या सूचनेबद्दल आभार.

आमच्या वितरणातला एक जण, हेलसिंकीचा,
म्हणाला, जे मुक्त नाही ते आपल्या घरात नको.
खरं आहे त्याचं.
मीही हेच म्हणायचो, पुण्यात,
चहा दुसऱ्याच्या पैशाचा असताना.
पण त्याच्या फ्रिजमध्ये
सालिम नि सलीम नाहीत.

शेवटी पाकीट बांधलं ते रिकामं.
आत फक्त एक पत्ता,
आणि चौसष्ट अक्षरांचा ठसा,
तिथून येईल ते तेच का, हे ताडून पाहायला.
आम्ही काही देत नाही.
दार दाखवतो, आत ज्याचं त्यानं जायचं.
चोरी नाही, दानही नाही.
वरच्या रकान्यात, सांभाळणारा: मुबीन परकार.
पुढे ईमेल.
कफिलाचं नाव लिहायला रकानाच नव्हता.
दोनदा खालपर्यंत जाऊन पाहिलं.

गुरुवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, चढवलं.
पडद्यावर चौदा कलमं, खाली प्रश्न: मान्य?
लिन्सीनं थेट 'हो' दाबलं.
वाचा तरी, सिस्टर.
म्हणाली, इथं आले तेव्हा सगळं अरबीत होतं,
तेव्हाही 'हो'च म्हटलं होतं.

यंत्र खाकरलं.
लेबल आलं: नाव, वय, तारीख.
आलं, पण दोन मिलिमीटर डावीकडे सरकून,
इंग्रजीतलं पहिलं अक्षर कापून.
सालिमचा झाला आलिम,
सलीमचा अलीम.
आम्ही दोघं इतके हसलो
की पहारेकरी दारातून डोकावला.

मग मी गप्प झालो.
कुठंतरी एक आकडा चुकलाय,
आठच्या जागी सहा, एवढंच असेल,
आणि तो त्या मुठीत आहे.
दिसला असता तर पाच मिनिटांचं काम.
मी यंत्र पालथं केलं, कागद पुन्हा बसवला,
काच पुसली, उगाच.
बाहेर टेकड्यांच्या उघड्या दगडांवरून
दिवसाची धग अजून उतरत होती.

लिन्सी म्हणाली, सरका जरा.
नावाआधी तिनं एक जागा मोकळी सोडली,
मग आणखी एक.
आणि सालिम पूर्ण आला.

खोलीवर परतून पाकिटासोबतच्या टिपेत लिहिलं:
ज्ञात दोष. नावाआधी दोन जागा मोकळ्या सोडाव्यात.
दुरुस्ती आमच्या हातात नाही.
उपाय सुचवला लिन्सी वर्गीस यांनी, रुवी.

तिचं नाव घातलं ते
तिला विचारून.